पांढरी सहा

सभागृहाच्या मागच्या स्वच्छतागृहात मिस्टर डॉयल गिटारच्या तारा चढवत होते. दार ढकलताना मला आधी आवाज ऐकू आला, मग ते दिसले. जाड तार खुंटीवर जास्त पिळली की लाकूड बारीक कण्हतं. इचलकरंजीला गिटार शिकवणाऱ्या मास्तरांच्या खोलीत मी ते कण्हणं ऐकलेलं होतं. त्याच्यानंतर तार तुटते, नाहीतर लाकूड.

"तोंड बाजूला घ्या," मी म्हणालो. "तुटली तर डोळा जाईल."

"देवाने दोन दिलेत," ते म्हणाले आणि पुढच्या खुंटीला हात घातला.

"कुठवर चढवताय?"

"होती तिथवर."

बेसिनच्या कडेवर त्यांचा स्वरकाटा पडला होता. तो गुडघ्यावर आपटून ते दातांत धरायचे, म्हणजे सूर कवटीत घुमतो. तो काटा एकच सूर देतो, इंग्रजीत ज्याला ए म्हणतात तो. आपल्या पेटीवरची पांढरी सहा. बरीच वर्षं तो गिटारच्या खोक्यात कापडाखाली पडून होता, आणि तो तसाच पडून राहील असं मी समजून चाललो होतो.

ही १९८६च्या ऑक्टोबरातली गोष्ट. अमेरिकेतल्या चॅटनूगा शहरातल्या एका जुन्या सभागृहातून दर शनिवारी दुपारी गाण्यांचा कार्यक्रम रेडिओवर थेट जायचा. आम्ही तिघं डोंगरापलीकडच्या आमच्या गावाहून माझ्या व्हॅनमधून आलो होतो: मिस्टर डॉयल टॅकेट, त्यांची मुलगी लीटा आणि मी. नॅशव्हिलच्या एका लहान रेकॉर्ड कंपनीचा डेन्टन नावाचा माणूस त्या दिवशी खाली प्रेक्षकांत बसणार होता. गाणं त्याच्या मनाला आलं तर रेकॉर्ड निघणार होती. मिस्टर डॉयल बासष्ट वर्षांचे होते. शेवटची संधी असं कुणी तोंडाने म्हणत नव्हतं, पण लीटाने सकाळी त्यांचा शर्ट दोनदा इस्त्री केला होता.

मी, जयपाल मगदूम, गालिच्यांच्या गिरणीत मशिनं दुरुस्त करायला त्या गावात गेलो होतो. इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात वाढलो, तिथेच हवाईयन गिटार शिकलो, ऑर्केस्ट्रात वाजवली. अमेरिकेत गेल्यावर एका गहाणवट दुकानात पेडल स्टील गिटार दिसली. ती टेबलासारखी चार पायांवर उभी असते. डाव्या हातात पोलादी कांडी, पायाखाली पेडलं. हवाईयनचीच थोरली बहीण. मी ती घेतली आणि गिरणीच्या कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाजवू लागलो. रंगखात्यात पहारा करणारा एक उंच म्हातारा दारात येऊन उभा राहायचा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तो म्हणाला, "हात चांगला आहे. डोकं मात्र गाण्याच्या पुढे पळतं. गायकाला आधी रडू दे, मग तू रड."

मला नंतर कळलं की पंचवीस वर्षांपूर्वी देशभरच्या रेडिओवर हाच माणूस वाजत होता. एकच गाणं. त्या गाण्यावर दोन वर्षं बसमधून फिरले, मग कंपनीने हात झटकले, मग जत्रा, मग मोटारींच्या दुकानांची उद्घाटनं, मग रंगखात्यातला पहारा. त्यांच्या कारकिर्दीबद्दल विचारलं की ते म्हणायचे, "खिडकी बंद झाली. आतला माणूस जेवायला गेला तो आलाच नाही."

शनिवारी आम्ही आसपासच्या नाचघरांत वाजवायचो. मी इंडियन म्हटल्यावर कुणी ना कुणी विचारायचंच, चेरोकी का, म्हणजे तिथल्या मूळच्या आदिवासींपैकी का? मिस्टर डॉयल माईकवरून सांगायचे, "ह्याच्या गावातही कापडाच्याच गिरण्या आहेत आणि त्याही बंद पडतायत. तेव्हा हा आपल्यातलाच." लोक हसायचे. माझं नाव त्यांनी नुसतं 'जे' करून टाकलं होतं. मी त्यांना मिस्टर डॉयल म्हणायचो. त्या भागात वडीलधाऱ्याला तसंच म्हणतात, आणि मलाही नुसतं नाव घ्यायला जीभ वळत नसे.

ते एकच गाणं नावाड्याचं होतं. नदीकाठी एक परका माणूस येतो, नावाडी त्याला होडीत घेतो. मागून डोक्यावरून शाल घेतलेली एक बाई येऊन बसते. मध्यावर शाल सरकते, तर ती नावाड्याचीच बायको. तो काही बोलत नाही. दोघांना पैलतीरी सोडतो, एकटा परत येतो, आणि तिसऱ्या कडव्यात काठावर उभा राहून तिला हाक मारतो. त्या हाकेसाठी चाल एकदम वर उडी घेते. मग पलीकडून तिचं उत्तर येतं, हाकेच्याही वरच्या सुरात: ऐकू येतंय मला, पण होडी तुझ्या काठाला आहे.

मूळ रेकॉर्डवर ते उत्तर मिस्टर डॉयलच्या बायकोने, व्हर्नाने गायलं होतं. लीटा शाळेत असतानाच व्हर्ना वारली. पुढे ते उत्तर लीटाकडे आलं. ती माझ्याच वयाची, गिरणीत गालिच्यांच्या कडा शिवायची. बोलताना आवाज साधा. पण चाल वर गेली की त्या आवाजाला धार यायची.

फक्त तशी वेळ आता येत नव्हती. रेकॉर्ड पांढरी सहामध्ये होती. माझी त्यांची गाठ पडली तेव्हा मिस्टर डॉयल काळी चारवर आले होते. मग पांढरी पाच, मग काळी तीन. शेवटची दोन-तीन वर्षं आम्ही पांढरी चारमध्ये, म्हणजे एफमध्ये वाजवत होतो. हे लोकांना कळू नये म्हणून त्यांनी एक युक्ती केली होती. ते बोटं रेकॉर्डवरच्या फोटोत आहेत तशीच ठेवायचे, आणि अख्खी गिटारच खाली उतरवायचे. सैल तारा खडखडतात, म्हणून जाड तारा बसवल्या होत्या. बघणाऱ्याला हात तोच दिसे. आवाज मात्र विहिरीतून यायचा. मला तो आवडायचा. तरुणपणी बायको गमावलेला माणूस हाक मारतो तशी ती हाक राहिली नव्हती. उत्तर येणार नाही हे ठाऊक असलेला माणूस हाक मारत होता.

त्या खालच्या पट्टीत लीटाचं उत्तर मात्र बुडायचं. तिचा आवाज तिथे नुसता श्वास व्हायचा. माझ्या स्टीलखाली, गिटारखाली दबून जायचा. तिने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मीही कधी विचार केला नाही.

कँटीनमध्ये आम्ही गायलेल्या गाण्याची एक कॅसेट लीटाने डेन्टनला पाठवली होती. ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. लीटाने आम्हाला सांगितलं, डेन्टनला कॅसेट आवडली, चॅटनूगाच्या कार्यक्रमात त्याने वेळ मिळवून दिलीय, समोर बसून ऐकायचं म्हणतोय. मला वाटलं मिस्टर डॉयल नेहमीचं खिडकीचं वाक्य म्हणतील. पूर्वी दोनदा कुणीतरी बोलावलं होतं तेव्हा ते गेले नव्हते. ह्या वेळी त्यांनी फक्त विचारलं, "तो स्वतः येणार?"

"स्वतः येणार."

"मग जाऊ," ते म्हणाले.

आणि आता ते त्या जाड तारा चार सूर वर ओढत होते. चार सूर म्हणजे लाकडावर केवढा ताण, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"मिस्टर डॉयल, हे झेपणार नाही," मी म्हणालो.

"गिटारला का मला?"

"दोघांनाही."

त्यांनी काटा दातांतून काढला, पुसला. "मग एकाच गाण्याचा प्रश्न आहे," ते म्हणाले.

बाहेर लीटा बास्कमबरोबर उभी होती. बास्कम हा तिथल्या बँडचा म्होरक्या, पोट सुटलेला, कानामागे पेन्सिल. त्या मंडळींची काम करायची रीत अशी की कुणी कागद बघत नाही. स्वरमेळांना त्यांनी आकडे दिलेले असतात. म्होरक्या बोटं वर करून एक, चार, पाच दाखवतो आणि बाकीचे वाजवतात. आकडे कुठल्याही पट्टीत तेच. म्हणून तालीम अशी नसतेच. म्होरक्या एवढंच विचारतो, पट्टी कुठली. एक अक्षर सांगायचं, की झालं.

"एफ," लीटाने सांगितलं होतं.

"ए," मिस्टर डॉयल मागून म्हणाले.

बास्कमने दोघांकडे पाहिलं. "घरात मतदान करून या," तो म्हणाला. "मी तोवर कॉफी घेतो."

तो लांब जाईपर्यंत लीटा थांबली. "डॅडी, तुम्ही ए मध्ये शेवटचं कधी गायलात?"

"गाणं त्याच पट्टीत लिहिलंय."

"कॅसेट एफ मध्ये आहे. डेन्टनने एफ ऐकलंय."

"त्या कॅसेटवर निम्मं गाणं ऐकूच येत नाही."

"रेकॉर्डर जुना होता. डेन्टन ऐकायला येतोय ते गाणं तसंच असायला हवं."

"लोक पैसे देऊन रेकॉर्ड ऐकायला येतात, बाळ. रेकॉर्ड ए मध्ये आहे."

"तिसऱ्या कडव्याला काय कराल?"

"तिसऱ्या कडव्याला तू आहेस ना."

हे त्यांनी हसून म्हटलं, आणि लीटाचा चेहरा तापला. ती माझ्याकडे वळली. म्हणाली, जे, तू सांग, तुझं ऐकतील. मी सांगून पाहिलं. बास्कमला जाऊन मीच एफ सांगतो, असंही म्हणालो. मिस्टर डॉयलनी गिटारचा पट्टा खांद्यावर नीट केला.

"जरूर सांग. मग तुम्ही सगळे एफ मध्ये वाजवा, मी एकटा ए मध्ये गातो. रेडिओवर छान वाटेल ते."

ते तसं करतील ह्याबद्दल आम्हा दोघांनाही शंका नव्हती. लीटा म्हणाली, "हट्ट. नुसता म्हातारपणचा हट्ट. पंचवीस वर्षांपूर्वीचा डॉयल टॅकेट व्हायचंय तुम्हाला, एवढंच." ती बास्कमकडे गेली आणि ए म्हणून आली.

सभागृहात चर्चसारखी लाकडी बाकं होती. बरीचशी भरलेली, बहुतेक डोकी पांढरी. मक्याच्या लाह्यांचा वास येत होता. डेन्टन मधल्या रांगेत कडेला बसला होता. करड्या कोटातला बारीक माणूस, हात घडी घातलेले. निवेदकाने पिठाच्या एका कंपनीचं गुणगान केलं, मग मिस्टर डॉयलचं. नाव ऐकल्यावर पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी एकमेकींचा हात धरला. लाल दिवा लागला.

पहिलं कडवं त्यांनी निभावलं. आवाज पातळ होता पण सुरात होता. चालीचा तो भाग खालीच आहे. दुसऱ्या कडव्याला मानेच्या शिरा उभ्या राहिल्या. शाल सरकते त्या ओळीला आवाज किंचित फाटला, आणि खरं सांगायचं तर ते वाईट वाटलं नाही. लोक पुढे सरकून बसले. मी स्टीलवर त्यांच्या मागे मागे राहिलो, शिकवल्याप्रमाणे. मला वाटू लागलं की निघेल, कदाचित निघेल.

मग तिसरं कडवं. गाण्यातल्या बाईचं नाव नोरा. त्यांनी डोकं मागे टाकलं, डोळे मिटले. 'नो' निघाला. 'रा' निघालाच नाही. घशातून कोरडा, लाकूड घासल्यासारखा आवाज आला आणि थांबला.

बास्कम जुना खेळाडू होता. त्याने एक बोट वर धरून ठेवलं, म्हणजे त्याच स्वरावर थांबा, पुढे जाऊ नका. अशा वेळी स्टीलवाल्याने काय करायचं हे ठरलेलं असतं. गायक पडला की हाक स्टीलने मारायची. पोलादी कांडी तारेवरून वर सरकवली की माणसाच्या कंठासारखा आवाज निघतो, ऐकणाऱ्याला वाटतं असंच बसवलंय. मी कांडी उचलली. मिस्टर डॉयलनी मागे न बघता डावा हात गिटारवरून सोडला आणि तळवा माझ्याकडे केला. थांब.

मला वाटलं, ते दम घेतायत, पुन्हा हाक मारणार आहेत. मी थांबलो. त्यांनी तोच हात बास्कमकडे खाली दाबला. बँड विरत गेला. रेडिओवर शांतता म्हणजे अपघात. सभागृहात एक खोकला ऐकू आला.

आणि त्या शांततेत लीटाने उत्तर दिलं. दुसरं ती काय करणार होती? कडव्यात पुढे तेच होतं. ऐकू येतंय मला. मागे वाद्य नाही, शेजारी आवाज नाही. वरच्या पट्टीत, तिच्या स्वतःच्या जागेवर, तो आवाज मी पहिल्यांदा उघड्यावर ऐकला. समोरच्या भिंतीला लागून तो परत आला. मागच्या बाकांवरची माणसं मान उंच करून कोण गातंय ते पाहू लागली. पण होडी तुझ्या काठाला आहे. शेवटचा स्वर तिने धरून ठेवला नाही. रागात होती, तोडून टाकला.

टाळ्या झाल्या. सभ्य, थोड्या जास्त वेळ चाललेल्या, आजारी माणसाच्या समाचाराला आल्यासारख्या. निवेदकाने घाईघाईने पुन्हा पीठ विकायला घेतलं.

मी स्टील घडी करून मागच्या बोळातून नेत होतो तेव्हा डेन्टन समोर आला. माणूस भला होता. त्याने एका बाजूचं हँडल धरलं, दारापर्यंत मदत केली.

"कॅसेटवर तूच आहेस ना?"

"हो."

"मग मला एक सांग. तो खालचा आवाज कुठे गेला? मी तीन तास गाडी चालवत त्याच्यासाठी आलो. तसं हल्ली कुणी गात नाही, कुणाला परवडत नाही. आणि हे म्हातारबुवा इथे येऊन स्वतःचीच नक्कल करतात."

मी म्हणालो, मुलीचा आवाज ऐकलात ना.

"ऐकला. चांगला आहे." त्याने दार पायाने उघडून धरलं. "नॅशव्हिलमध्ये आमच्या इमारतीत कॉफी देणारीचाही चांगला आहे. चांगल्या आवाजाच्या मुली रोज बसने येतात. त्याच्यासारखा एकच होता."

त्याच्यामागून लीटा आली. मला म्हणाली, तू डॅडींना घेऊन पुढे जा, मी मागाहून बसने येते, मला मिस्टर डेन्टनशी बोलायचंय. मी स्टील व्हॅनमध्ये चढवली. मिस्टर डॉयल आधीच पुढच्या सीटवर बसले होते, गिटार मांडीवर आडवी. गिटारची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, मागच्या बाजूने उचलली गेली होती. तिच्याखाली पोस्टाचं कार्ड सरकलं असतं.

"तारा उतरवा," मी म्हणालो. "आत्ताच उतरवल्या तर लाकूड वाचेल."

त्यांचं लक्ष नव्हतं. ते काचेतून सभागृहाच्या दाराकडे बघत होते. तिथे पायरीवर लीटा डेन्टनशी बोलत होती, हात हलवत, भरभरून. डेन्टन मान खाली घालून ऐकत होता. मी व्हॅन सुरू केली. गावाबाहेर पडून रस्ता डोंगराला लागला. मी बोलायची तयारी करत होतो. डेन्टनचं म्हणणं सांगायला हवं होतं. कुणीतरी सांगणारच होतं.

"जे," ते म्हणाले. आवाज बसलेला, कुजबुजल्यासारखा. "मागच्या बाकापर्यंत पोचली का रे ती?"

"कोण?"

"लीटा. मी पुढे होतो, मला कळलं नाही. अगदी मागे ऐकू गेलं का?"

मी रस्त्याकडे बघत राहिलो. तो तळवा मला आत्ता कळला. ती कुरकुरणारी खुंटी, कॅसेटवरचं ऐकू न येणारं निम्मं गाणं, सगळं आत्ता कळलं.

"मागे माणसं उठून बघत होती," मी म्हणालो.

"व्हर्नाचंही तसंच होतं. खाली उतरवलं की विझायची. आठ-दहा वर्षं मी त्या पोरीला माझ्या घशाच्या मापाने गायला लावलं. डेन्टनसारखा माणूस काय म्हाताऱ्यासाठी येतो? मला हाक काढायची गरजच नव्हती. नावाड्याचं कुणाला काय पडलंय, लोक उत्तर ऐकायला थांबतात." मग ते हसले. "बघितलंस ना, पायरीवर कशी बोलत होती? बराच वेळ बोलत होती."

"हो," मी म्हणालो.

डेन्टनचं म्हणणं मी त्यांना सांगितलं नाही. घर येईपर्यंत ते बाहेरची झाडं बघत होते, आणि मी त्यांना इतकं निवांत बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

लीटा संध्याकाळी परत आली. काही ठरलं नाही, एवढंच म्हणाली. तिने बापाला दोष दिला नाही, पण त्यांच्याशी लागेल तेवढंच बोलायची. रेडिओवर हट्टाने स्वतःची शोभा करून घेतलेला माणूस, असं तिच्या मनाने घेतलं होतं. ते तिच्यासाठी फोनजवळ बसायचे. गिरणीत माझ्या मशिनांपाशी यायचे आणि विचारायचे, तुला काही बोलली का, नॅशव्हिलहून काही कळलं का? हिवाळा गेला. मग विचारणं बंद झालं. गाणं त्या शनिवारीच बंद झालं होतं. पुन्हा कधी त्यांनी नाचघरात पाऊल टाकलं नाही. गिटारच्या तारा मात्र त्यांनी उतरवल्या नाहीत. भिंतीवर टांगली ती तशीच, ताणलेली. उन्हाळ्यात एके दिवशी घोडी निघून आली आणि पोटाची फळी फाटली.

सात वर्षांनी मिस्टर डॉयल गेले. तोवर गिरणीही अर्धी बंद झाली होती आणि लीटा एका रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला लागली होती. अंत्यविधी सकाळी त्यांच्या छोट्या चर्चमध्ये होता. लीटाने मला स्टील घेऊन बोलावलं. खालच्या खोलीत शेजारणींनी आणलेल्या जेवणाची झाकलेली भांडी मांडली होती. तिथे मी पेडलं जोडत असताना ती खुर्ची ओढून समोर बसली.

"त्या दिवशी तू त्यांच्याबरोबर होतास," ती म्हणाली. "ए कशाला धरून बसले होते? काही बोलले का गाडीत?"

मी तिला ते वाक्य सांगितलं. मागच्या बाकापर्यंत पोचली का रे ती? बाकीचंही सांगितलं, व्हर्नाचं, घशाच्या मापाचं. ती हातातला रुमाल घडी करत राहिली. एकदा, दोनदा, आणखी घडी पडेना तोवर.

"डेन्टन कॅसेट ऐकून फोनवर म्हणाला होता, म्हातारा हवाय," ती म्हणाली. "घरी मी कुणाचा आवाज आवडला ते सांगितलंच नाही. तुमचा म्हटलं असतं तर ते आलेच नसते, खिडकी बंद झाली म्हणाले असते. म्हणून मी नुसतं, कॅसेट आवडली म्हणाले." तिने मान हलवली. "पायरीवर मी त्याला विनवत होते. एकदा स्टुडिओत घ्या, एफ मध्ये ऐका. तो म्हणाला, आता उशीर झाला, सगळ्यांनी रेडिओवर ऐकलंय."

"त्यांना वाटलं तुझंच चाललंय."

"मला गायचं नव्हतं रे." ती हे शांतपणे म्हणाली. "त्यांच्या शेजारी उभं राहायला मिळायचं म्हणून मी उत्तर द्यायचे. मला कुणी विचारलं?"

वरून पाद्र्याने हाक मारली. मी स्टील उचलली. जिन्यात मी तिला विचारलं, पट्टी कुठली.

"एफ."

"तुझं बुडेल."

"त्यांची आहे ती पट्टी," ती म्हणाली.

पहिली दोन कडवी मी नुसती वाजवली. तिसऱ्या कडव्याला हाक स्टीलने मारली. ह्या वेळी अडवणारं कुणी नव्हतं. लीटा शवपेटीच्या बाजूला उभी होती. तिने उत्तर दिलं. मी तिच्यापासून हाताच्या अंतरावर होतो म्हणून मला ते ऐकू आलं. शेवटचा स्वर विरला, मी कांडी खाली ठेवली, आणि त्या शांततेत मागच्या बाकावरची एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, "मुलगी गाणार होती ना? मग गायली का नाही?"